४२९४९६७२९५: कोणते गुणधर्म संख्येचे, कोणते लिहिण्याच्या पद्धतीचे? आणि विभाजक मोजताना प्रोग्राम का कोसळतो?

अवयव_शोधक (प्रश्न)

४२९४९६७२९५, म्हणजे ४ अब्ज २९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९५, या संख्येची संपूर्ण नोंद तयार करायची आहे. तिचे अवयव, विभाजक, ती कोणत्या वर्गांत बसते आणि कोणत्या बसत नाही. प्रत्येक नोंदीमागे कागद-पेन्सिलीने पडताळता येईल असं कारण हवंय. नुसती तयार यादी नको.

मूळ अवयव ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ असे आहेत. पाचही वेगळे, म्हणून विभाजक २^५ = ३२ असायला हवेत. पण सी भाषेतला विभाजक मोजणारा प्रोग्राम याच संख्येवर बराच वेळ चालतो आणि शेवटी शून्याने भागल्याची चूक दाखवून बंद पडतो. त्याची रचना अशी: संख्या आणि चल ‘आय’ दोन्ही ३२ बिटी अनसाइन्ड (ऋण किंमत न ठेवणारे). आय १ पासून सुरू होतो, आय × आय ≤ संख्या असेपर्यंत लूप फिरतो, भाग गेला की मोजणीत २ मिळवतो (आय आणि भागाकार सारखेच असतील तर १). हाच प्रोग्राम ४२९४०००००० साठी बरोबर उत्तर देतो.

दुसरं म्हणजे वर्गीकरण. परिपूर्ण की डेफिशिअंट (स्वतः सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज संख्येइतकी की कमी), त्रिकोणी (१ पासूनच्या सलग संख्यांची बेरीज) आहे का, किती वर्गांची बेरीज, हर्षद, कापरेकर, स्मिथ, सुखी हे सगळं हाताने ठरवायचा लहानात लहान रस्ता कोणता? आणि पट्टी-कंपासने काढता येणाऱ्या विषम बाजूंच्या सुसम बहुभुजांपैकी सर्वांत मोठा एवढ्याच बाजूंचा, असं म्हणतात. ते सिद्ध झालेलं आहे का?

---

द्विमान

आधी प्रोग्राम, कारण त्यातली चूक या संख्येच्या स्वभावाशी थेट जोडलेली आहे.

तुमची संख्या २^३२ − १ आहे, म्हणजे ३२ बिटांत मावणारी सर्वांत मोठी. ३२ बिटी अनसाइन्ड गुणाकार २^३२ ने भागून उरलेली बाकी देतो. ती बाकी कितीही मोठी झाली तरी २^३२ − १ च्या पुढे जाणार नाही. म्हणून ‘आय × आय ≤ संख्या’ ही अट कधीच खोटी ठरत नाही. आय = ६५५३५ असताना वर्ग ४२९४८३६२२५ येतो, इथपर्यंत ठीक. पुढच्याच फेरीत ६५५३६ × ६५५३६ = २^३२, आणि ३२ बिटांत त्याचं शून्य होतं. शून्य संख्येपेक्षा लहानच, तेव्हा लूप पुढे धावतो. तो थेट आय = ४२९४९६७२९५ पर्यंत जातो आणि वाटेत प्रत्येक विभाजक दोनदा मोजला जातो. कोसळण्याच्या आधी मोजणी छापून बघा, ३२ च्या जागी ६४ दिसेल. त्यानंतर आय मध्ये १ मिळवला की तो गुंडाळून ० होतो, आणि बाकी काढताना शून्याने भागाकार.

४२९४०००००० ला हे का होत नाही? तिथे आय × आय संख्येच्या पुढे जातो ते आय ६५५३५ किंवा त्याहून लहान असतानाच, वर्ग अजून ३२ बिटांत मावत असताना. धोक्याची सीमा नेमकी ६५५३५^२ = ४२९४८३६२२५ आहे. या आणि यापुढच्या सगळ्या ३२ बिटी संख्यांना हा दोष लागतो. त्यातल्या काहींना लूप मध्येच कुठेतरी थांबतो आणि चुकीचं उत्तर मुकाट्याने देतो. कोसळणाऱ्या प्रोग्रामपेक्षा हे वाईट.

दुरुस्ती एका ओळीची: अट ‘आय ≤ संख्या / आय’ अशी लिहा. तुमच्या संख्येला शेवटची फेरी आय = ६५५३५ ची होईल, कारण भागाकार ६५५३७ येतो, आणि पुढच्या फेरीत ६५५३६ विरुद्ध ६५५३५ म्हणून लूप थांबेल. किंवा दोन्ही चल ६४ बिटी घ्या. आय साधा साइन्ड इंट मात्र ठेवू नका. ४६३४० चा वर्ग त्यात मावतो, ४६३४१ चा मावत नाही, आणि साइन्ड गुणाकार ओसंडला तर काय घडेल याची सी भाषा कसलीच हमी देत नाही.

मूळ अवयव काढणारा प्रोग्राम तुम्ही वेगळा लिहिला असेल तर तो का अडकला नाही तेही बघा. त्यात सापडलेल्या अवयवाने संख्या भागत जातात. २५७ ने भागल्यावर ६५५३७ उरतो, आणि २५७^२ = ६६०४९ त्याच्याहून मोठा, म्हणून काम तिथेच संपतं.

---

शेष७

वर्गीकरण करताना दोन रकाने करा, असं माझं ठाम मत आहे. एकात संख्येचे स्वतःचे गुणधर्म, म्हणजे ती कोणत्याही पद्धतीने लिहिली तरी न बदलणारे. दुसऱ्यात दशमान किंवा द्विमान अंकांवर अवलंबून असलेले. तयार याद्या हे दोन्ही सरमिसळ करतात आणि मग ‘सुखी नाही’ आणि ‘डेफिशिअंट आहे’ या नोंदी एकाच तोलाच्या वाटायला लागतात.

पहिला रकाना. संख्येला क म्हणू. वर्गांच्या फरकाचं सूत्र पुन्हा पुन्हा वापरलं की

२^३२ − १ = (२^१६ + १)(२^८ + १)(२^४ + १)(२^२ + १)(२ + १)

हे लगेच मिळतं. कंसांतल्या किमती ६५५३७, २५७, १७, ५, ३. म्हणजे फ४ पासून फ० पर्यंतच्या फर्मा संख्या (फन = २^(२^न) + १), आणि योगायोगाने पाचही मूळ. क बद्दलचं जवळजवळ सगळं या एका ओळीतून निघतं.

क पेक्षा लहान आणि क शी सहमूळ (१ शिवाय सामाईक विभाजक नसलेल्या) अशा संख्या किती? ऑयलरचं फाय: २ × ४ × १६ × २५६ × ६५५३६. घातांकांची बेरीज १ + २ + ४ + ८ + १६ = ३१, म्हणून फाय(क) = २^३१ = २१४७४८३६४८. हे (क + १) चं नेमकं निम्मं आहे. आणि क + १ = २^३२ चं फायसुद्धा २^३१ च, तेव्हा लागोपाठच्या या दोन संख्यांचं फाय सारखं आहे. ‘फाय ची दुप्पट म्हणजे संख्या अधिक १’ हे समीकरण ३, १५, २५५, ६५५३५ आणि क ही मालिका पाळते, पण ते फक्त तिच्याच मालकीचं नाही. ८३६२३९३५ = ३ × ५ × १७ × ३५३ × ९२९ घेऊन बघा: २ × ४ × १६ × ३५२ × ९२८ = ४१८११९६८, दुप्पट ८३६२३९३६. त्यामुळे या समीकरणावरून ‘सगळे अवयव फर्मा मूळ’ असा निष्कर्ष काढू नका.

परिपूर्ण की डेफिशिअंट? विभाजकांची बेरीज ४ × ६ × १८ × २५८ × ६५५३८ = ७३०४६०३३२८. त्यातून क वजा केला की ३००९६३६०३३ उरतात, क पेक्षा कमी, म्हणून डेफिशिअंट. पण गुणाकार न करताही कळतं. विभाजकांची बेरीज भागिले क हे गुणोत्तर नेहमी क / फाय(क) पेक्षा लहान असतं, आणि इथे क / फाय(क) = २क / (क + १), जे २ पेक्षा किंचित कमी. हा युक्तिवाद मला फार आवडतो, कारण तो घातांकांवर अवलंबून नाही. ३, ५, १७, २५७, ६५५३७ एवढेच मूळ अवयव असलेली कोणतीही संख्या, घात कितीही वाढवले तरी, डेफिशिअंटच राहते.

वर्गांची बेरीज: क ला ८ ने भागल्यावर बाकी ७ उरते. अशी संख्या तीन वर्गांची बेरीज होऊच शकत नाही, कारण वर्गाला ८ ने भागल्यावर बाकी ०, १ किंवा ४ च येते आणि यातल्या तिघांच्या बेरजेची बाकी ७ कधीच येत नाही. चार वर्ग मात्र कोणत्याही संख्येला पुरतात, ते लाग्रांजने १७७० मध्ये सिद्ध केलं. एक मांडणी: ६५५३५^२ + ३६२^२ + ५^२ + १^२. वर्गांचा *फरक* म्हणून ती १६ प्रकारे लिहिता येते, विभाजकांच्या प्रत्येक जोडीमागे एक. त्यातला सर्वांत सुटसुटीत ६५५३६^२ − १^२.

त्रिकोणी असायला ८क + १ पूर्ण वर्ग हवा. ८क + १ = २^३५ − ७ = ३४३५९७३८३६१. १८५३६३^२ = ३४३५९४४१७६९ आणि १८५३६४^२ = ३४३५९८१२४९६, आपली संख्या या दोहोंच्या मध्ये, म्हणून नाही. पण इथे त्याहून खोल कारण आहे. २ चा घात वजा ७ हा पूर्ण वर्ग कधी असतो? रामानुजननी १९१३ मध्ये प्रश्न मांडला, घातांक ३, ४, ५, ७ आणि १५ ही उत्तरं दिली. याशिवाय एकही नाही, हे नागेलने १९४८ मध्ये सिद्ध केलं. त्यामुळे २^म − १ या साच्यातल्या त्रिकोणी संख्या फक्त ०, १, ३, १५ आणि ४०९५. क ला त्यात जागा नाही.

मूळ असण्याचा प्रश्न घातांकातच सुटतो. ३२ संयुक्त असल्यामुळे २^३२ − १ संयुक्तच.

---

अवयव_शोधक

अट बदलल्यावर ३२ आले, आणि जुन्या प्रोग्राममध्ये मोजणी छापली तर खरंच ६४ दिसले. दोन्ही उत्तरांसाठी आभार.

एक उपप्रश्न. पाया २ घेऊन फर्माची मूळत्व चाचणी (पायाचा ‘संख्या वजा १’ इतका घात घेऊन संख्येने भागल्यावर बाकी १ उरते का बघणारी) क वर लावली तर ‘संयुक्त’ येतं, पण क + २ वर लावली तर ती पार होते. क + २ मूळ आहे का?

---

शेष७

नाही. क + २ = ४२९४९६७२९७ = २^३२ + १, म्हणजे फ५. तिचे अवयव ६४१ × ६७००४१७, ऑयलरने १७३२ मध्ये पाडले. पाया २ ची चाचणी तिच्यावर निकामी आहे, आणि का ते समजून घेण्यासारखं आहे. फ५ च्या हिशोबात २^३२ ची बाकी −१, म्हणून २^६४ ची बाकी १. चाचणीत घातांक असतो २^३२, आणि त्याला ६४ ने पूर्ण भाग जातो, तेव्हा उत्तर १ येणारच, संख्या मूळ असो वा नसो. पाया ३ घ्या, खोटं लगेच उघडं पडतं.

क च्या बाबतीत २^३२ ची बाकी १ आहे. चाचणीचा घातांक क − १ = २^३२ − २, त्याला ३२ ने भागल्यावर ३० उरतात. म्हणून चाचणीचं उत्तर २^३० = १०७३७४१८२४ येतं, १ नाही. कार्मायकेल संख्याही (सहमूळ असा कोणताही पाया घेतला तरी ही चाचणी पार करणारी संयुक्त संख्या) ती नाही: अवयव ५ साठी क − १ ला ४ ने भाग जायला हवा होता, पण क − १ = २ × २१४७४८३६४७.

चाचणी स्वतः लिहिली असेल तर मधले गुणाकार ६४ बिटी *अनसाइन्ड* ठेवा. क चा वर्ग १८४४६७४४०६५११९६१७०२५ आहे. तो साइन्ड ६४ बिटांत मावत नाही, तिथली मर्यादा ९२२३३७२०३६८५४७७५८०७ वर संपते.

---

अंकमूळ

दुसरा रकाना मी भरतो, अंकांवर अवलंबून असलेला. त्याला कमी लेखायचं कारण नाही, फक्त तो पद्धतीनुसार बदलतो एवढं नोंदीत लिहा.

दशमान अंकांची बेरीज: ४+२+९+४+९+६+७+२+९+५ = ५७. पुढे १२, मग ३.

हर्षद (ही व्याख्या द. रा. कापरेकरांची) असायला ५७ ने भाग जायला हवा. ५७ = ३ × १९, आणि क च्या अवयवांत १९ नाही. म्हणून हर्षद नाही. लांब भागाकार करायची गरजच नाही.

कापरेकर संख्या: वर्गाचे दोन तुकडे करून बेरीज केली की तीच संख्या परत यायला हवी. त्यासाठी ९ ने भागल्यावर संख्येची आणि तिच्या वर्गाची बाकी सारखी लागते, म्हणजे बाकी ० किंवा १ च चालते. इथे ३ आहे. तिथेच बाद. तरी पडताळायचं तर १८४४६७४४०६ + ५११९६१७०२५ = ६९६४२९१४३१.

कापरेकरांची स्वयंभू संख्या तुमच्या यादीत नाही, ती जरूर घाला. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी संख्या तयार होत नाही ती स्वयंभू. क साठी जनक शोधायची रीत: जनक क च्या थोडाच अलीकडे असणार, म्हणून तो ४२९४९६७२ आणि पुढे दोन अंक असा धरा. पहिल्या आठ अंकांची बेरीज ४३. शेवटचे अंक ट आणि ठ असतील तर ४३ + ११ट + २ठ = ९५, म्हणजे ११ट + २ठ = ५२. ट सम हवा. ट = ४, ठ = ४ एवढंच जमतं, कारण ट = २ घेतला तर ठ १५ येतो. सुरुवात ४२९४९६७१ धरली तर ११ट + २ठ = १५३ लागतात, आणि दोन्ही अंक ९ असले तरी ११७ च होतात. म्हणून जनक एकच: ४२९४९६७२४४, अंकांची बेरीज ५१, आणि ४२९४९६७२४४ + ५१ = ४२९४९६७२९५. क स्वयंभू नाही.

स्मिथ संख्येत मूळ अवयवांच्या अंकांची बेरीज संख्येच्या अंकांच्या बेरजेइतकी असते. अवयवांची: ३ + ५ + ८ + १४ + २६ = ५६. हवे होते ५७. एकाने हुकली! इथे घाईत चूक होते ती ६५५३७ च्या अंकांत; ६+५+५+३+७ = २६, नीट मोजा.

सुखी: अंकांच्या वर्गांची बेरीज ३९३, मग ९९, १६२, ४१, १७, ५०, २५, २९, ८५, ८९. ८९ आला की पुढे चक्र ठरलेलं असतं, १ कधीच येत नाही. सुखी नाही.

द्विमान पद्धतीत सलग ३२ एक, म्हणून पॅलिंड्रोम. एकांची संख्या सम, म्हणून याद्यांमध्ये ‘ईव्हिल’ दिसतं. ४ च्या पायात सोळा वेळा ३. दशमानात मात्र पॅलिंड्रोम नाही.

---

पट्टीकंपास

बहुभुजाचं नीट शब्दांत मांडायला हवं, कारण एक शब्द गाळला की विधान खोटं ठरू शकतं. गाउसने १७९६ मध्ये १७ बाजूंचा सुसम बहुभुज पट्टी-कंपासने काढता येतो हे दाखवलं आणि पुढे सर्वसाधारण अट दिली. ती अट आवश्यकही आहे, हे वांत्सेलने १८३७ मध्ये सिद्ध केलं. विषम बाजूंसाठी अट अशी: बाजूंची संख्या ही वेगवेगळ्या फर्मा *मूळ* संख्यांचा गुणाकार हवी. असे मूळ आज पाचच ज्ञात आहेत. फ५ ते फ३२ सगळ्या संयुक्त असल्याचं सिद्ध झालंय, पण त्यापलीकडे एकही मूळ नाही असं सिद्ध झालेलं नाही. म्हणून क हा रचता येणारा सर्वांत मोठा ज्ञात विषम बहुभुज. ‘सर्वांत मोठा’ एवढंच लिहू नका.

क चे १ सोडून ३१ विभाजक म्हणजेच ज्ञात असलेले सगळे ३१ विषम बहुभुज. (१ हा बहुभुज नाही.) ही यादी मिळवायची देखणी रीत पास्कलच्या त्रिकोणात आहे. प्रत्येक ओळीत विषम संख्येच्या जागी १ आणि समच्या जागी ० लिहा, आणि ओळ द्विमान संख्या म्हणून वाचा: १, ३, ५, १५, १७, ५१, ८५, २५५, २५७, ७७१, १२८५, ३८५५, ४३६९, १३१०७, २१८४५, ६५५३५... शून्यापासून मोजलेल्या ३१ व्या ओळीत क येतो. कारण असं की सम-विषमच्या हिशोबात (१ + य) चा २^ज वा घात म्हणजे १ + य^(२^ज), आणि य = २ ठेवला की ती फर्मा संख्या. ओळीचा क्रमांक द्विमानात लिहा, जिथे १ असेल ती फर्मा संख्या गुणाकारात घ्या. ११ = ८ + २ + १, म्हणून फ३ × फ१ × फ० = २५७ × ५ × ३ = ३८५५. ओळ ३२ मध्ये ४२९४९६७२९७ येते, आणि ती फ५ संयुक्त असल्यामुळे जुळणी तिथे तुटते. पुढच्या ओळी बहुभुज म्हणून वापरू नका.

रचनेसाठी छोट्या कोनांतून मोठा बहुभुज कसा जोडायचा ते अपूर्णांकांत (पूर्ण वर्तुळ = १):

१/१५ = २/५ − १/३
१/२५५ = ८/१७ − ७/१५
१/६५५३५ = १२८/२५७ − १२७/२५५
१/क = ३२७६८/६५५३७ − ३२७६७/६५५३५

शेवटची ओळ पडताळा: ३२७६८ × ६५५३५ = २१४७४५०८८०, ३२७६७ × ६५५३७ = २१४७४५०८७९, फरक १. ६५५३५ आणि ६५५३७ चा मसावि १ आहे म्हणूनच हे जमतं. कागदावर काढायचा विचार मात्र नको: १ किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळातही बाजू सुमारे दीड मायक्रोमीटर भरेल.

---

द्विमान

नोंद साठवताना एक काळजी. ही संख्या ३२ बिटी फ्लोटमध्ये (अपूर्णांक ठेवणाऱ्या चलात) ठेवली तर ती गप्प ४२९४९६७२९६ होते, कारण तिथे २४ सार्थ बिटच असतात आणि इथे ३२ लागतात. मग वर्गमूळ नेमकं ६५५३६ येतं आणि तुमची चाचणी तिला ‘पूर्ण वर्ग’ ठरवते. डबलमध्ये ५३ बिट असतात, तिथे संख्या अचूक राहते. साइन्ड ३२ बिटी चलात टाकून छापली तर −१ दिसेल. जावास्क्रिप्टमध्ये बिटांची क्रिया केल्यावरही तसंच होतं, तिथे तीन बाणांचं उजवं शिफ्ट शून्याने करून घ्या, म्हणजे ४२९४९६७२९५ परत मिळते.